कुलपाबद्दल बोलायचे नाही

१९०८ च्या जून महिन्यात पोलिसांनी पुण्यातल्या गायकवाडवाड्याची झडती घेतली. कागदपत्रे चाळताना त्यांच्या हाती एक कार्ड लागले. कार्डावर दोन पुस्तकांची नावे लिहिलेली होती आणि दोन्ही पुस्तके स्फोटक द्रव्यांवरची होती. सरकारी पक्षाला याहून जास्त काय हवे होते? जेमतेम दोन महिन्यांपूर्वी, ३० एप्रिलला, मुजफ्फरपूरला बॉम्ब पडून दोन इंग्रज स्त्रिया ठार झाल्या होत्या, आणि इथे ‘केसरी’कारांच्या घरात बॉम्बच्या पुस्तकांचे टिपण!

लोकमान्य टिळकांनी न्यायालयात दिलेला खुलासा अगदीच रुक्ष होता. सरकारने नुकताच स्फोटक पदार्थांचा नवा कायदा केला होता. त्यात ‘स्फोटक’ म्हणजे काय याची जी व्याख्या दिली होती, तिच्यावर त्यांना टीका करायची होती. त्यासाठी संदर्भाची पुस्तके हवी होती, म्हणून नावे टिपून ठेवली. लिहिण्याआधी वाचावे लागते, एवढाच त्या कार्डाचा अर्थ.

या खटल्याची गोष्ट मराठी माणसाला शाळेपासून पाठ असते. राजद्रोह, सहा वर्षे काळे पाणी, मंडाले, गीतारहस्य. खटला दोन अग्रलेखांवर होता. पहिला १२ मे चा ‘देशाचे दुर्दैव’. तो मुजफ्फरपूरच्या बॉम्बनंतरचा आणि जास्त प्रसिद्ध. दुसरा ९ जूनचा, ‘हे उपाय टिकाऊ नाहीत’. मथळ्यातले हे ‘उपाय’ कोणते, हे सहसा कोणी विचारत नाही. आदल्याच दिवशी, म्हणजे ८ जूनला, सरकारने दोन कायदे मंजूर केले होते. एक स्फोटकांचा. दुसरा वर्तमानपत्रांचा. एखादे पत्र खुनाला किंवा बॉम्बच्या गुन्ह्याला चिथावणी देते असे मॅजिस्ट्रेटला वाटले, की या दुसऱ्या कायद्याने त्याला छापखानाच जप्त करता येणार होता आणि ते पत्र बंद पाडता येणार होते. टिळकांनी दुसऱ्याच दिवशीच्या ‘केसरी’त या कायद्यांवर टीका केली, आणि पंधरा दिवसांनी, २४ जूनला, त्यांना मुंबईच्या सरदारगृहात अटक झाली. बॉम्बशी त्यांचा संबंध जोडण्याची एवढी खटपट झाली, पण शिक्षेच्या मुळाशी असलेल्या दोन लेखांतला एक वर्तमानपत्रांच्या मुसक्या बांधण्याविरुद्ध होता, हे नोंदवून ठेवले पाहिजे.

टिळक तेव्हा मुंबईत होते तेही आणखी एका संपादकासाठी. ‘काळ’कर्ते शिवरामपंत परांजपे यांना त्याच महिन्यात राजद्रोहाखाली पकडले होते आणि त्यांच्या बचावाच्या तयारीत टिळक गुंतले होते. शिवरामपंतांना जुलैच्या सुरुवातीला एकोणीस महिन्यांची शिक्षा झाली. ती सुनावणारे न्यायमूर्ती दावर हेच पुढे टिळकांच्या खटल्याला बसले. हे तेच दिनशा दावर, जे १८९७ च्या पहिल्या राजद्रोहाच्या खटल्यात टिळकांचे वकील होते. अकरा वर्षांत खुर्ची बदलली, एवढेच.

टिळकांनी वकील दिला नाही, बचावाचे भाषण स्वतःच केले. ते अनेक दिवस चालले आणि त्याचे एकूण तास भरले एकवीसहून अधिक. त्या भाषणातला एक मुद्दा मला लेखक म्हणून विशेष वाटतो. लेख मराठीत लिहिलेले, ज्यूरीतले नऊही जण ते वाचणार इंग्रजी भाषांतरातून. टिळकांनी सरकारी भाषांतराची चिरफाड केली. साध्या, रोजच्या मराठी शब्दांना भडक इंग्रजी प्रतिशब्द दिले की वाक्याचा रंगच बदलतो, आणि मग शिक्षा लेखकाला होते की भाषांतरकाराच्या शब्दनिवडीला, असा तो प्रश्न होता. न्यायालयात मराठी शब्दांच्या छटांवर इतका कीस त्याआधी क्वचितच पडला असेल. उपयोग झाला नाही. ज्यूरीत सात युरोपियन आणि दोन पारशी होते. सात जणांनी दोषी म्हटले, दोघांनी निर्दोष. २२ जुलैच्या रात्री दहाच्या सुमारास सहा वर्षांची शिक्षा आणि हजार रुपये दंड सुनावला गेला. दुसऱ्या दिवशी टिळकांना बावन्न वर्षे पूर्ण होणार होती. मुंबईच्या गिरणी कामगारांनी वर्षाला एक दिवस या हिशेबाने सहा दिवस गिरण्या बंद ठेवल्या.

मंडालेत टिळकांना लिहायला परवानगी मिळाली, पण कशी? सुटे कागद नाहीत; बांधलेल्या वह्या, पाने मोजून आकडे घातलेली. शाई नाही, पेन्सिल. तीही आधीच तासून दिलेली. ‘गीतारहस्य’ १९१० च्या अखेरीस सुरू होऊन पुढच्या वसंतापर्यंत लिहून झाले ते अशा वह्यांत. एकेक पान मोजून देणारे सरकार त्या पानांवर काय लिहिले जाते आहे हे मात्र नीट ओळखू शकले नाही. राजकारणावर एक ओळही नको म्हणून जी मुभा दिली, तिच्यातून कर्मयोगाचा एवढा मोठा ग्रंथ बाहेर आला.

१९१० मध्ये आणखी कडक प्रेस ॲक्ट आला, १९३१ मध्ये आणीबाणीच्या अधिकारांचा आणखी एक. प्रत्येकाबरोबर जामीनरकमा, जप्त्या, बंद पडलेली पत्रे. त्यांचा हिशेब एका प्रकरणात मावणार नाही. ज्या प्रश्नासाठी हे प्रकरण लिहितो आहे, तो मला सदुसष्ट वर्षांनी, पुन्हा एका जून महिन्यात, सगळ्यात स्पष्ट दिसतो.

२५ जून १९७५ च्या रात्री दिल्लीत बहादूरशाह जफर मार्गावरची वीज गेली. तिथे अनेक मोठ्या वर्तमानपत्रांची कार्यालये आणि छापखाने होते. सकाळी देशाला आणीबाणी जाहीर झाल्याचे आकाशवाणीवरून कळले. २६ जूनलाच सेन्सॉरशिपचा हुकूम निघाला. ठराविक विषयांवरचा मजकूर छापण्याआधी अधिकाऱ्याला दाखवायचा, तो पसंत पडला तरच छापायचा. हा हुकूम ज्या नियमांखाली काढला, ते ‘डिफेन्स अँड इंटर्नल सिक्युरिटी ऑफ इंडिया रूल्स’ नावाचे होते. ब्रिटिशांनी महायुद्धात केलेल्या ‘डिफेन्स ऑफ इंडिया रूल्स’चे ते वारसदार. नाव थोडे लांबले होते, काम तेच.

पहिल्या दोन-तीन दिवसांत काय झाले ते मजेशीर आहे. २८ जूनला ‘इंडियन एक्सप्रेस’ने अग्रलेखाची जागा कोरी सोडली. ‘स्टेट्समन’नेही कोऱ्या जागा छापल्या. मुंबईच्या ‘टाइम्स ऑफ इंडिया’त निधनवार्तांच्या छोट्या जाहिरातींत एक चार ओळींची जाहिरात आली. इंग्रजीतल्या लोकशाही, सत्य आणि स्वातंत्र्य या शब्दांचे तुकडे पाडून त्यांची माणसांची नावे केली होती, आणि त्यांतल्या ‘लोकशाही’ या गृहस्थाचे २६ जूनला निधन झाले असे कळवले होते. जाहिरात घेणाऱ्या कारकुनाच्या लक्षात आले नाही, वाचकांच्या आले.

यानंतर काय झाले ते महत्त्वाचे. कोरी जागा सोडण्यावरच बंदी आली. मजकूर कापायचा, पण कापल्याची खूण दिसू द्यायची नाही. वाचकाला पान भरलेले दिसले पाहिजे. सेन्सॉरशिपबद्दल लिहिणे हेच सेन्सॉरशिपच्या कक्षेत आले. सरकारवर टीका केली तर सरकारला निदान उत्तर देता येते. आकडे देता येतात, टीकाकाराला खोटा म्हणता येते. पण ‘माझे तोंड बांधले आहे’ असे कोणी म्हणाले, तर बाकी सगळ्यांच्या गप्प बसण्याचा अर्थच बदलून जातो. मौन ही संमती, हा समज टिकवायचा असेल तर मौनाचे कारण लपवावे लागते. म्हणून कुलपापेक्षा, कुलूप आहे असे सांगणाऱ्यावर राग जास्त.

कुलदीप नय्यर यांनी नेमके हेच केले. २८ जूनला दिल्लीच्या प्रेस क्लबमध्ये त्यांनी पत्रकारांना जमवले. शंभरावर जण आले आणि सेन्सॉरशिपचा निषेध करणाऱ्या ठरावावर सह्या झाल्या. जुलैच्या अखेरीस नय्यर यांना ‘मिसा’खाली पकडून तिहारमध्ये नेले. त्याच सुमारास त्यांचे सासरे भीमसेन सच्चर यांनाही अटक झाली. सच्चर पंजाबचे माजी मुख्यमंत्री, वय वर्षे ऐंशी, जन्मभर काँग्रेसमध्ये गेलेले. त्यांचा गुन्हा? सात सहकाऱ्यांसह त्यांनी पंतप्रधानांना एक पत्र लिहिले होते. वर्तमानपत्रांची गळचेपी चालली आहे, लोक बोलायला घाबरतात, तेव्हा परिणाम काहीही होवोत, आम्ही भाषणस्वातंत्र्याबद्दल उघडपणे बोलणार, एवढेच त्यात कळवले होते. सासरे आणि जावई एकाच वेळी गजाआड.

‘मिसा’ म्हणजे अंतर्गत सुरक्षेचा १९७१ चा कायदा. आणीबाणी लागू झाल्यावर चारच दिवसांत त्यात दुरुस्ती झाली, आणि स्थानबद्ध का केले हे त्या माणसाला सांगण्याची गरज उरली नाही. इथे थांबून १९०८ आठवून पाहावे. टिळकांवर आरोपपत्र होते, ज्यूरी होती, एकवीस तास बोलायची मुभा होती. ती ज्यूरी पक्षपाती होती, निकाल आधीच ठरल्यासारखा होता, हे सगळे खरे. परक्या सरकारचे कौतुक करण्याचा माझा मुळीच इरादा नाही. पण १९७५ मध्ये पकडलेल्या माणसाला आपण कोणत्या वाक्याबद्दल आत आलो हेही कळत नव्हते. मग बचाव कशाचा करणार? कोणत्या शब्दाच्या छटेवर वाद घालणार?

नय्यर यांच्या पत्नीने दिल्ली उच्च न्यायालयात हेबियस कॉर्पसचा अर्ज केला. निकाल विरुद्ध जाणार असे दिसताच सरकारने सप्टेंबरात नय्यर यांना सोडून दिले, म्हणजे निकालाची गरजच पडू नये. न्यायमूर्ती रंगराजन आणि अगरवाल यांनी तरीही निकाल दिला. पुढे रंगराजन यांची गुवाहाटीला बदली झाली आणि अगरवाल यांना परत सत्र न्यायाधीश व्हावे लागले.

कलकत्त्यात गौरकिशोर घोष यांनी डोके भादरले. ‘आनंदबाजार पत्रिके’तले हे बुजुर्ग लेखक ‘रूपदर्शी’ या टोपणनावाने लिहीत. त्या नावाचा वाचकवर्ग मोठा होता. लिहिण्याचे स्वातंत्र्य गेले, म्हणजे घरातले माणूस गेले. त्याचे सुतक म्हणून मुंडण. टकलावर बंदी घालणारा नियम कोणत्याही राजपत्रात नव्हता. मग त्यांनी आपल्या तेरा वर्षांच्या मुलाला एक पत्र लिहिले. बाप डोके का भादरून आला, याचा खुलासा मुलाला करायचा होता. ते पत्र ज्योतिर्मय दत्त यांच्या ‘कलकाता’ या नियतकालिकात छापून आले. ऑक्टोबरात घोष यांना ‘मिसा’खाली पकडले.

तेरा वर्षांच्या मुलाला समजेल अशा भाषेत सेन्सॉरशिप सांगायची, ही युक्ती मला विलक्षण वाटते. संपादकांना, विचारवंतांना पल्लेदार वाक्यांत लिहिता येते आणि पल्लेदार वाक्ये सेन्सॉरला फारशी बोचतही नाहीत. मुलाला लिहिताना मात्र आडपडदा चालत नाही. घोष यांनी तुरुंगातूनही लेखन गुपचूप बाहेर धाडले आणि तेही हातोहात फिरले. आत त्यांना हृदयविकाराचा झटका आला, त्यानंतर त्यांची सुटका झाली. या माणसाला काही वर्षांपूर्वी नक्षलवाद्यांनीही जिवे मारण्याची धमकी दिली होती, हे सांगितले नाही तर चित्र अपुरे राहील. डावे-उजवे पाहून ते भीत किंवा बोलत नसत. १९८१ मध्ये त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला आणि त्याच वर्षी ते ‘आजकाल’ या दैनिकाचे संस्थापक-संपादक झाले.

आता कऱ्हाड.

डिसेंबर १९७५. मराठी साहित्य संमेलनाचे एक्कावन्नावे अधिवेशन. अध्यक्ष दुर्गा भागवत, मावळते अध्यक्ष पु. ल. देशपांडे, स्वागताध्यक्ष यशवंतराव चव्हाण. यशवंतराव तेव्हा केंद्रात परराष्ट्रमंत्री. म्हणजे आणीबाणी लावणाऱ्या मंत्रिमंडळातले. गाव त्यांचे, मांडव त्यांचा, पाहुणे त्यांचे. दुर्गाबाईंचा आग्रह असा, की साहित्याच्या व्यासपीठावर राजकारणी नकोत. यशवंतराव श्रोत्यांत जाऊन बसले. हे करायलाही मोठे मन लागते आणि ते त्यांच्यापाशी होते, हे मान्य करायला हवे.

मग दुर्गाबाईंनी एक साधी विनंती केली. जयप्रकाश नारायण मुंबईच्या जसलोक रुग्णालयात आजारी आहेत, त्यांना आराम पडावा म्हणून आपण सगळ्यांनी उभे राहून प्रार्थना करू या. सरकारविरोधी आंदोलनाचे नेते म्हणून जयप्रकाशांना २६ जूनच्या पहाटे पकडले होते. स्थानबद्धतेत मूत्रपिंडे निकामी झाली आणि नोव्हेंबरात त्यांना सोडावे लागले. त्यांचे नाव सभेत घेणे म्हणजे काय, हे मांडवातल्या प्रत्येकाला ठाऊक होते. मांडव उभा राहिला.

दुर्गाबाई लोकसाहित्याच्या अभ्यासक. राजाविरुद्ध उघड बोलता येत नाही तेव्हा माणसे ओवीत, व्रतात, गाऱ्हाण्यात, देवाला घातलेल्या साकड्यात काय काय बोलून घेतात, हे त्यांच्याइतके कोणाला माहीत असणार? आजाऱ्यासाठी केलेल्या प्रार्थनेत सेन्सॉरने कोणते वाक्य कापायचे? अर्थात त्या केवळ आडून बोलून थांबल्या नाहीत. आणीबाणीविरुद्ध आणि लेखनस्वातंत्र्याच्या बाजूने त्या कऱ्हाडला आणि त्यानंतरही स्पष्ट बोलत राहिल्या.

त्याच डिसेंबरात सरकारने आक्षेपार्ह मजकूर छापण्याविरुद्धचा वटहुकूम काढला आणि प्रेस कौन्सिल मोडीत काढले. संसदेतल्या कामकाजाचे वृत्त निर्भयपणे छापता यावे म्हणून १९५६ मध्ये जो कायदा झाला होता, तोही रद्द केला. तो कायदा फिरोज गांधींनी खटपट करून आणला होता. रद्द केला तो त्यांच्या पत्नीच्या सरकारने. कादंबरीत असे कोणी लिहिले असते तर संपादकाने ‘फार बेतलेले वाटते’ म्हणून परत पाठवले असते.

१९७६ मध्ये दुर्गाबाईंना अटक झाली. कुठे? मुंबईच्या टाउन हॉलमध्ये, एशियाटिक सोसायटीच्या ग्रंथालयात. दर दिवशी त्या दगडी पायऱ्या चढून वाचायला येणारी सहासष्ट वर्षांची बाई पोलिसांना शोधून काढायला कष्ट पडण्याचे कारण नव्हते. पुस्तकांच्या रांगांमधून त्यांना आर्थर रोडच्या तुरुंगात नेले. विद्यार्थिदशेत त्या स्वातंत्र्याच्या चळवळीत होत्या. आता स्वराज्यात, म्हातारपणी, कोठडी. ‘पैस’ला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळून तेव्हा पाचच वर्षे झाली होती. या अटकेनंतर त्यांनी सरकारी मानसन्मान कायमचे नाकारले. पद्मश्री घेतली नाही, सरकारी नसलेले ज्ञानपीठही घेतले नाही.

त्याच मुंबईत, त्याच १९७६ मध्ये, आणखी एक गोष्ट घडली आणि ती फार सांगितली जात नाही. मिनू मसानी यांच्या ‘फ्रीडम फर्स्ट’ या मासिकातला मजकूर मुंबईच्या सेन्सॉरने अडवला. मसानी उच्च न्यायालयात गेले. १० फेब्रुवारीला निकाल लागला, तो मसानींच्या बाजूने. सरकारच्या धोरणावर शांतपणे टीका करणे हा नागरिकाचा हक्क आणीबाणीतही उरतो. लोकांची मने एकाच साच्यात ओतणे हे सेन्सॉरचे काम नव्हे, असा त्याचा आशय. हे तेच न्यायालय, जिथे टिळकांना शिक्षा झाली होती. ज्या दालनात तो खटला चालला, तिथे १९५६ मध्ये मुख्य न्यायमूर्ती छागला यांनी संगमरवरी फलक बसवला आणि ज्यूरीच्या निर्णयानंतर टिळकांनी उच्चारलेले शब्द त्यावर कोरून घेतले.

मसानींचा निकाल एप्रिलअखेर झाकोळला. २८ एप्रिल १९७६ ला सर्वोच्च न्यायालयाच्या पाचपैकी चार न्यायमूर्तींनी ठरवले, की आणीबाणीत स्थानबद्ध माणसाला सुटकेसाठी न्यायालयात दादच मागता येणार नाही. एकट्या न्यायमूर्ती खन्नांनी विरोध नोंदवला. नंतर आणीबाणीची चौकशी करणाऱ्या शहा आयोगाने मोजदाद केली, तेव्हा ‘मिसा’खाली स्थानबद्ध झालेल्यांचा आकडा चौतीस हजारांच्या वर गेला. त्यांत लेखक-पत्रकार थोडेच. बाकीचे राजकीय कार्यकर्ते, कामगार पुढारी, शिक्षक, गावातले कोणीतरी. त्यांच्यापैकी बहुतेकांनी सेन्सॉरशिपवर एक ओळही लिहिली नसेल. पण ते आत आहेत ही बातमी छापायची नाही, हे सेन्सॉरचे पहिले काम होते. लेखकांनी कुलपाबद्दल बोलायचे ठरवले ते या माणसांसाठीही होते, आणि माझ्या मते त्यांच्या तुरुंगवासाचे खरे मोल इथे आहे. केवळ ‘लेखकाचे स्वातंत्र्य’ म्हटले की तो एका छोट्या जातीचा मानपान वाटतो.

राहता राहिला तो ९ जून १९०८ चा मथळा. ते उपाय किती टिकले? चिथावणीचा तो वर्तमानपत्र कायदा १९२२ मध्ये रद्द झाला. म्हणजे चौदा वर्षे. टिळक त्याआधी दोन वर्षे गेले होते. आणीबाणीतला आक्षेपार्ह मजकुराचा कायदा १९७७ मध्ये जनता सरकारने काढून टाकला. त्याचे आयुष्य दीड वर्षाच्या आतले. ज्या कलमाखाली टिळकांना आणि शिवरामपंतांना शिक्षा झाली, ते भारतीय दंडविधानातले १२४ अ मात्र १८७० पासून पुस्तकात होते. स्वातंत्र्य आले, राज्यघटना आली, तरी ते राहिले. सर्वोच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये त्याचा वापर थांबवायला सांगितले. ३० जून २०२४ ला दंडविधानाबरोबर ते संपले. दुसऱ्या दिवशी भारतीय न्यायसंहिता लागू झाली. तिच्यात ‘राजद्रोह’ हा शब्द नाही. देशाचे सार्वभौमत्व आणि एकता धोक्यात आणणाऱ्या कृत्यांचे कलम आहे, १५२ क्रमांकाचे, आणि त्यात बोललेले आणि लिहिलेले शब्दही येतात.